खेळ काढला, पण पसारा राहिला

जबलपूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. घरात कॉम्प्युटर एकच. थोरला मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हापासून तो धाकट्या मुलीच्या ताब्यात आला. ती त्यावर स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरते, यजमान विजेचे बिल आणि बँकेचे व्यवहार करतात. शिवाय सासऱ्यांचे गन कॅरेज फॅक्टरीतल्या नोकरीच्या काळातले फोटो मोठ्या कष्टाने स्कॅन करून घेतलेले आहेत, तेही त्यातच.

मुलाने शाळेत असताना त्यात क्रिकेटचा एक खेळ घातला होता आणि त्यावर दरवर्षी नवनवे ‘पॅच’ चढवले होते. या सुटीत भाचा आला. त्याने हौसेने खेळ लावला, तर खेळाडूंचे चेहरे काळे ठिक्कर, कपडे भलत्याच वर्षाचे, आणि नाणेफेक झाली की खेळ आपोआप बंद. भाच्याने खेळ काढला, पुन्हा घातला. तरी तेच चेहरे आणि तेच कपडे. दुकानात विचारले, तर उत्तर मिळाले, “फॉरमॅट मार देते हैं.” बाई विचारतात, ‘काढून टाकलेला खेळ पुन्हा त्याच जुन्या रूपात येतो कसा? आणि तो पुरता काढायला सगळा कॉम्प्युटर पुसावाच लागतो का?’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. बहुतेक वेळा नाही. जबलपूरची मराठी घरे जुनी आहेत. १९५६ पर्यंत तो भाग नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. गन कॅरेज फॅक्टरी तर १९०४ सालची. अशा घरात दोन-तीन पिढ्यांचे फोटो आणि कागद एका पेटीत साठलेले असतात. एका खेळापायी ती पेटी रिकामी करायची म्हणजे फार झाले. पण पसारा नेमका कुठे आहे हे कळले नाही, तर माणूस शेवटी त्याच टोकाला जातो. म्हणून आज तो पसाराच शोधू या.

पॅच आणि मॉड

मूळ खेळात बाहेरच्या कोणी केलेला बदल म्हणजे मॉड. आपल्याकडची मुले त्याला सरसकट पॅच म्हणतात. पत्रातल्या खेळाचे नाव ‘क्रिकेट ०७’. कॅनडातल्या एचबी स्टुडिओज या कंपनीने तो तयार केला आणि ईए स्पोर्ट्सने २००६ साली बाजारात आणला. त्यानंतर या मालिकेत कॉम्प्युटरसाठी नवा खेळ आलाच नाही. भारतीय खेळाडूंची खरी नावे वापरण्याचा परवाना त्यात नव्हता, त्यामुळे आपल्या संघात ओळखीची वाटणारी पण मोडतोड केलेली नावे होती. हौशी मंडळींनी खरी नावे घातली, चेहरे घातले, नवी मैदाने आणि नव्या बॅटी घातल्या. आयपीएल सुरू झाले २००८ साली, म्हणजे खेळ आल्यानंतर दोन वर्षांनी. तेव्हा ‘क्रिकेट ०७’ मध्ये जो कोणी आयपीएल खेळला, तो मॉड चढवूनच खेळला. समालोचक रिची बेनॉ २०१५ साली गेले, पण या खेळामुळे त्यांचा आवाज आपल्या घराघरांत अजून ऐकू येतो. एक जुना खेळ इतकी वर्षे जिवंत राहिला तो या हौशी लोकांच्या मेहनतीमुळे.

हे मुद्दाम सांगतो, कारण मॉड म्हटले की काही आईवडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात. मॉड ही वाईट चाल नव्हे. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा जगभर गाजलेला खेळ १९९९ साली ‘हाफ-लाइफ’ या खेळाचा मॉड म्हणूनच जन्माला आला, आणि पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो रीतसर बाजारात आणला. मुलाने आठवी-नववीत पॅच चढवले, फाइली इकडच्या तिकडे केल्या, ते त्याचे कॉम्प्युटरचे पहिले शिक्षणच होते. फक्त त्या वयात घालण्याची घाई असते, आवरण्याची नसते.

मांडववाला आणि शेजारची भांडी

आता पहिला प्रश्न. काढलेला खेळ परत जुन्या रूपात येतो कसा?

लग्नघर डोळ्यांसमोर आणा. मांडववाला बांबू, कनाती, खुर्च्या घेऊन येतो. त्याच्याजवळ यादी असते. लग्न पार पडले की तो यादी बघून आपले सामान उचलतो आणि जातो. पण मधल्या काळात शेजारच्या काकूंनी चार पातेली दिलेली असतात, मामांनी सतरंज्या आणलेल्या असतात, कोणीतरी खिळे ठोकून तोरणे बांधलेली असतात. मांडववाला त्याला हात लावत नाही. ते त्याच्या यादीत नाही. तो गेल्यावरही अंगणात पसारा दिसतो, तो हा.

खेळ काढण्याची सोय, म्हणजे अनइन्स्टॉल, ही त्या मांडववाल्यासारखी चालते. खेळ घालताना ज्या फाइली आल्या त्यांची यादी तिच्याजवळ असते. तेवढ्या ती काढते. नंतर मुलाने हाताने टाकलेल्या फाइली यादीत नसतात, म्हणून त्या जागच्या जागी राहतात. खेळाचे फोल्डरही त्यामुळे रिकामे होत नाही आणि पुसले जात नाही. भाच्याने खेळ पुन्हा घातला, तो त्याच फोल्डरमध्ये, त्याच उरलेल्या फाइलींच्या शेजारी. नव्या खेळाला जुने कपडे आयतेच मिळाले.

यात कोणाची लबाडी नाही. अनोळखी फाइल न पुसणे हा एका अर्थी चांगुलपणाच आहे. उद्या त्याच फोल्डरमध्ये आपण कामाचा कागद ठेवला असता आणि तो न विचारता गेला असता, तर आपणच ओरडलो असतो.

मॉड बसवण्याच्या तीन तऱ्हा

मॉड कसा बसवला होता, यावर तो कसा काढायचा हे ठरते.

पहिली तऱ्हा, शेजारी ठेवण्याची. मूळ फाइलीला हात न लावता मॉडच्या फाइली जवळ ठेवायच्या आणि खेळाने त्या वाचायच्या. ‘डूम’ हा १९९३ सालचा खेळ करणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरच्या लोकांनी खेळातली चित्रे, नकाशे, आवाज मुख्य प्रोग्रामपासून वेगळ्या गठ्ठ्यात ठेवले होते. दुसऱ्या कोणाला बदल करायचा तर त्याने आपला वेगळा गठ्ठा जोडावा, मूळ गठ्ठा शाबूत राहावा, असा विचार त्यामागे होता. ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत मॉड याच रीतीने स्वतंत्र ‘मॉड्स’ फोल्डरमध्ये राहतात. असा मॉड काढणे सोपे. शेजारची वस्तू उचलली की झाले.

दुसरी तऱ्हा, बदली करण्याची. मूळ फाइल काढून त्याच नावाची दुसरी बसवायची. ‘जीटीए व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’मध्ये जुन्या काळी गाड्यांची नवी चित्रे मूळ गठ्ठ्याच्या आतच घातली जात. इथे मॉड नुसता पुसून भागत नाही, कारण मूळ फाइल आता अस्तित्वातच नसते. ती परत आणावी लागते, आणि त्यासाठी बहुधा खेळ नव्याने घालावा लागतो.

तिसरी तऱ्हा जास्त काळजीची. या मॉडमध्ये चित्रे किंवा नावे नसतात, स्वतः चालणारा प्रोग्राम असतो. खेळ सुरू करणारा वेगळा लाँचर, खेळाबरोबर आपोआप जागा होणारा तुकडा, किंवा ‘आधी हे चालवा’ म्हणून दिलेली एखादी ईएक्सई फाइल. चित्राची फाइल फार तर चेहरा काळा करील. प्रोग्राम मात्र खेळाच्या बाहेर जाऊनही काहीही करू शकतो. याविषयी पुढे सविस्तर सांगतो.

पसारा कुठे कुठे असतो

पहिली जागा उघड आहे, खेळाचे मूळ फोल्डर. सहसा ते सी ड्राइव्हमधल्या ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये असते. खेळ काढल्यावर तिथे जाऊन पाहा. फोल्डर अजून दिसत असेल, तर आत जे आहे तो बहुधा मॉडचा उरलेला भाग.

दुसरी जागा डॉक्युमेंट्स. ‘क्रिकेट ०७’ तिथे आपल्या नावाचे फोल्डर करतो आणि खेळाडूंच्या याद्या, म्हणजे रोस्टर, तिथून वाचतो. पॅच चढवताना रोस्टरची फाइल हाताने तिथेच टाकावी लागते. ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ही ‘यूजर फाइल्स’ असे शब्द असलेली फोल्डरे तिथेच करतात. खेळ गेला तरी ही फोल्डरे जात नाहीत, कारण अर्धवट सोडलेले डाव त्यांत असतात आणि ते खेळणाऱ्याची मालमत्ता समजले जातात. आता एक गंमत पाहा. विंडोज नव्याने बसवताना ‘माझ्या फाइली ठेवा’ असा पर्याय निवडला, तरीही डॉक्युमेंट्स शाबूत राहते. म्हणजे एवढा खटाटोप करूनही जुने रोस्टर आपल्या जागी बसलेलेच! शिवाय डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेले असेल, तर तोच पसारा नव्या कॉम्प्युटरवरही पाठोपाठ येतो.

तिसरी जागा लपलेली आहे, तिचे नाव अॅपडेटा. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि आर ही कळ एकदम दाबा. एक छोटी चौकट उघडेल. तीत रोमन अक्षरांत टक्क्याचे चिन्ह, अॅपडेटा हा शब्द आणि पुन्हा टक्क्याचे चिन्ह असे लिहून एंटर दाबा. ‘माइनक्राफ्ट’ जावाचे घर इथे आहे, आणि त्याच्या नावाआधी एक टिंब असते. त्यात मॉड्स, कॉन्फिग, रिसोर्सपॅक्स, सेव्ह्ज अशी फोल्डरे दिसतील. खेळ काढला तरी हे घर उभेच राहते. मॉड्समधले मॉड काढले तरी त्यांच्या आवडीनिवडी कॉन्फिगमध्ये उरतात, त्याही काढाव्यात. नंतर लाँचरमध्ये फोर्ज किंवा फॅब्रिक यांऐवजी खेळाची साधी आवृत्ती निवडावी.

चौथी जागा फार थोड्यांना ठाऊक असते, आणि पत्रातल्या कोड्यात तिचाही हात असू शकतो. २००६ सालचे खेळ विंडोज व्हिस्टा येण्यापूर्वीच्या रिवाजाने लिहिलेले आहेत. ते आपल्याच फोल्डरमध्ये वाटेल तेव्हा लिहीत. व्हिस्टापासून विंडोजने ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये असे परस्पर लिहिण्याला अटकाव केला. पण जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून एक युक्ती योजली. जुन्या प्रोग्रामने तिथे लिहायला घेतले की ती फाइल गुपचूप दुसरीकडे वळवायची, आणि प्रोग्रामला मात्र ती आपल्याच फोल्डरमध्ये आहे असे भासवायचे. ही दुसरी जागा म्हणजे अॅपडेटामधल्या ‘लोकल’ फोल्डरातले ‘व्हर्च्युअलस्टोअर’. खेळ काढताना इथल्या फाइलींना कोणी विचारत नाही. खेळ परत घातला की विंडोज त्याला नव्या फाइलीऐवजी इथली जुनी दाखवते. मूळ फोल्डर स्वच्छ धुतले तरी जुनेच रूप दिसत असेल, तर इथे जरूर पाहा.

स्टीममधून घेतलेल्या खेळांची तऱ्हा थोडी निराळी. तिथे खेळ काढला तरी हाताने टाकलेल्या फाइली ‘स्टीमॲप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरमध्ये राहतात. फाइलींची शहानिशा करण्याची सोय स्टीममध्ये आहे. ती बिघडलेली किंवा हरवलेली मूळ फाइल परत आणते, पण जास्तीची फाइल काढत नाही. वर्कशॉपमधून घेतलेल्या मॉडची वर्गणी रद्द केली नसेल, तर खेळ पुन्हा घालताच ते मॉडही परत उतरतात. काही खेळांचे डाव स्टीमच्या क्लाउडवर ठेवलेले असतात, तेही परत येतात. तेव्हा आधी वर्गण्या रद्द करा, मग खेळ काढा.

आवरण्याचा क्रम

आता प्रत्यक्ष काम. रविवारची एखादी निवांत दुपार काढा आणि हा क्रम पाळा.

आधी फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. घरात नसेल तर मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्सपर्यंत एक फेरी मारा, पण हे काम टाळू नका. उतरवल्यावर चार-सहा फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उतरले असे वाटणे आणि खरेच उतरणे यात फरक असतो. खेळाची फोल्डरे मात्र या डिस्कवर घेऊ नका, नाहीतर पसाऱ्याचीच जपणूक होईल.

मग मुलाला पुण्याला फोन करा. कोणते पॅच घातले, कुठून आणले, काही चालवावे लागले होते का, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसणार. मधल्या एखाद्या डावावर त्याचा जीव असेल तर तोही विचारून वेगळा ठेवा. पण मॉडवर खेळलेला डाव मॉडशिवाय नीट चालेलच असे नाही. ‘माइनक्राफ्ट’मध्ये मॉडच्या विटांनी बांधलेले घर मॉड काढल्यावर भोके पडलेले दिसते. ‘स्कायरिम’सारख्या खेळात काढलेल्या मॉडच्या आज्ञा जतन केलेल्या डावात शिरून बसतात. तिथे मॉड घालण्याआधीचा डाव उघडणे हाच उपाय.

त्यानंतर सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून खेळ रीतसर काढा. मॉडसाठी वेगळा लाँचर किंवा मॅनेजर घातला असेल तर तोही याच यादीतून काढा. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा.

आता वर सांगितलेल्या चारही जागा एकेक करून पाहा. उरलेले फोल्डर लगेच पुसू नका. त्याच्या नावापुढे ‘जुने’ असे लिहून नाव बदला. नाव बदलले की खेळाला ते सापडत नाही, आणि चुकून दुसऱ्या कशाचे फोल्डर असेल तर परत पहिले नाव देता येते. व्हर्च्युअलस्टोअरमध्ये फक्त त्या खेळाच्या नावाच्या फोल्डरला हात लावा, बाकीची दुसऱ्या प्रोग्रामांची असतात.

मग खेळ नव्याने घाला आणि एकही पॅच न चढवता लावून बघा. खेळाडूंची मोडकी नावे, २००६ सालचे कपडे दिसले की समजा, काम फत्ते. जुनी मोडकी नावे दिसल्याचा आनंद होण्याचा हा एकच प्रसंग! आठवडाभर सगळे ठीक चालले की ‘जुने’ नावाची फोल्डरे पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा.

रजिस्ट्री साफ करून देतो म्हणणाऱ्या प्रोग्रामांच्या मात्र वाटेला जाऊ नका. रजिस्ट्रीत उरलेल्या चार नोंदींनी सहसा काही अडत नाही, चुकीची नोंद पुसली गेली तर मात्र अडते.

पसारा नव्हे, चोर असेल तर

आता तिसऱ्या तऱ्हेच्या मॉडकडे वळू. इथे प्रश्न खेळाचा उरत नाही, घराचा होतो.

मे २०१५ मध्ये ‘जीटीए ५’चे ‘अँग्री प्लेन्स’ आणि ‘नोक्लिप’ हे दोन मॉड घातक निघाले. खेळणाऱ्याने दाबलेल्या कळा टिपण्याची सोय त्यांच्या पोटात लपवलेली होती. जून २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या काही मॉडमधून ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा घातक प्रोग्राम पसरला. मॉड करणाऱ्यांची खाती ताब्यात घेऊन तो नामांकित ठिकाणच्या मॉडमध्ये घुसवला होता. तो ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती चोरायचा आणि कॉम्प्युटरवरच्या इतर जावा फाइलींतही शिरायचा. शिवाय ‘लोकल’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट एज’ अशा साळसूद नावाचे फोल्डर करून त्यात दडून बसायचा. खऱ्या एजचे फोल्डर ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाच्या फोल्डरच्या आत असते, हा फरक पटकन कोणाच्या ध्यानात येणार? त्याच वर्षी नाताळच्या दिवशी ‘स्ले द स्पायर’ या खेळाच्या ‘डाउनफॉल’ या लोकप्रिय मॉडचा ताबा चोरांनी घेतला आणि स्टीमवरूनच पासवर्ड चोरणारा प्रोग्राम वाटला.

या प्रकारांतून एक गोष्ट शिकावी. मॉड पुसला म्हणजे त्याने आणलेला पाहुणा गेला असे नाही. सतरंजी परत केली, पण तिच्यातून आलेले ढेकूण घरातच राहिले, तशी गत.

‘क्रिकेट ०७’ आज कुठे नवा विकत मिळत नाही. त्यामुळे पुष्कळ मुले अनोळखी ठिकाणाहून पॅचसकट आयता बांधलेला गठ्ठा उतरवतात. त्याबरोबर बहुधा एक सूचना असते, ‘घालण्याआधी अँटिव्हायरस बंद करा’ किंवा ‘हे फोल्डर तपासणीतून वगळा’. मुले तसे करतात आणि विसरतात. खेळ जातो, पण ती वगळण्याची सवलत वर्षानुवर्षे उघडी राहते. माझ्या मते सगळ्या पसाऱ्यात सर्वांत धोक्याची वस्तू हीच. घराच्या मागल्या दाराला कडी लावायची नाही असे पहारेकऱ्याला सांगून ठेवल्यासारखे ते आहे. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरसच्या विभागात सेटिंग्ज उघडा, सर्वांत खाली ‘एक्स्क्लूजन्स’ सापडेल. तिथे आपल्याला न समजणारी नोंद दिसली तर काढून टाका. मग पूर्ण तपासणी करा, आणि त्यानंतर ऑफलाइन तपासणीही करा. हिच्यात विंडोज पुरते सुरू होण्याआधी शोध घेतला जातो, त्यामुळे दडलेल्यांना हालचालीला वाव राहत नाही. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ची यादी असते. कॉम्प्युटर सुरू होताच जागे होणारे प्रोग्राम तीत दिसतात. तिथेही अनोळखी नाव शोधा.

तपासणीत काही सापडले, तर पासवर्ड बदला. ते त्याच कॉम्प्युटरवर बसून बदलू नका, मोबाइलवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदला. आधी ई-मेलचा, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथेच येतात. मग बँकेचा. परीक्षेच्या अर्जाचे खातेही विसरू नका. सगळीकडे ‘सर्व ठिकाणांहून बाहेर पडा’ असा पर्याय असेल तर तो वापरा. चोर कित्येकदा पासवर्ड घेत नाही, उघडे राहिलेले खातेच उचलतो. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

मग फॉरमॅट कधी?

दुकानातला सल्ला अगदीच टाकाऊ नव्हता, फक्त तो पहिला नको, शेवटचा हवा. तपासणीत पासवर्ड चोरणारा प्रोग्राम सापडला, तो काढूनही पुन्हा उगवला, किंवा अँटिव्हायरस आपोआप बंद पडू लागला, तर मात्र फोटो बाहेर काढून कॉम्प्युटर पुसून विंडोज नव्याने बसवणे हेच शहाणपणाचे. ज्या पेटीवर बँकेचे व्यवहार होतात तिच्याबद्दल ‘बहुतेक गेला असेल’ अशा भरवशावर राहू नये. पण काळे चेहरे, जुने कपडे, नाणेफेकीला बंद पडणे एवढेच असेल, तर त्यासाठी चार फोल्डरे पुरेत.

नव्याने बसवताना एक सोय करून ठेवा. मुलांसाठी कॉम्प्युटरवर वेगळे खाते उघडा, आणि त्याला प्रशासकाचे अधिकार देऊ नका. म्हणजे काही नवीन घालायचे झाले की मोठ्यांचा पासवर्ड लागतो आणि ‘हे काय आहे रे?’ असा प्रश्न आपोआप विचारला जातो. खेळही ‘प्रोग्राम फाइल्स’ सोडून साध्या, वेगळ्या फोल्डरमध्ये घाला. मूळ खेळाची एक कोरी प्रत बाजूला ठेवा आणि पॅच दुसऱ्या प्रतीवरच चढवा. कंटाळा आला की ती प्रत पुसली, काम संपले. राहता राहिले डॉक्युमेंट्समधले रोस्टर.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दहा-पंधरा रुपयांची वही. ती कॉम्प्युटरजवळ ठेवा. मुलाने नवा मॉड घातला की तारीख, मॉडचे नाव, कुठून आणला, कोणत्या फोल्डरमध्ये कोणत्या फाइली टाकल्या, कोणती मूळ फाइल बदलली आणि तिची प्रत कुठे ठेवली, अँटिव्हायरसमध्ये काही सवलत दिली का, एवढे पाच-सहा रकाने भरायचे. मुलांना सुरुवातीला कटकट वाटेल. पण जी वस्तू आणल्याची नोंद आहे तीच नेमकी परत करता येते, हे लग्नघरातल्या भांड्यांइतकेच कॉम्प्युटरलाही लागू आहे. भांड्यांवर आपण नावे घालून घेतो. फाइलींवर ती घालता येत नाहीत, म्हणून ती वहीत लिहायची.